अँटिऑक्सिडंट, एल्डरबेरी आणि आपलं डाळिंब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात आहारसल्ला देते. थंडी पडली, घरोघरी सर्दी-खोकला सुरू झाला आणि मार्केट यार्डात डाळिंबाची आवक वाढली की फोनवर तेच तेच प्रश्न येतात, कुणी औषधाच्या दुकानातल्या बाटलीचा फोटो पाठवतं, कुणी मुलीने परदेशातून आणलेल्या गमीजचा (चघळायच्या गोड, जेलीसारख्या गोळ्या). म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवलंय. औषधं चालू असतील तर आधी प्रश्न १३ वाचा, मग बाकीचं.

१. ताई, अँटिऑक्सिडंट अँटिऑक्सिडंट सगळे म्हणतात, म्हणजे नेमकं काय असतं?

शेंगाचटणीचा डबा उन्हाळ्यात उघडा राहिला की काही दिवसांत खवट वास येतो ना, ते शेंगदाण्याच्या तेलाचं ऑक्सिडेशन. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या फॅटला लागतो आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळीच लागते. ही साखळी मध्ये तोडणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, शेंगदाण्यातलं व्हिटॅमिन ई तेच काम करतं म्हणून चटणी पहिल्याच दिवशी खवट होत नाही. आपल्या शरीरातही श्वास घेताना, जेवण पचवताना, जंतूंशी लढताना असे चंचल रेणू तयार होतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. १९५६ मध्ये डेनहॅम हारमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने म्हातारपण यांच्यामुळेच येतं असा सिद्धांत मांडला आणि तिथून हा सगळा बाजार हळूहळू उभा राहिला.

पण एक गोष्ट जाहिरातीत कधीच सांगत नाहीत. शरीराकडे स्वतःची यंत्रणा असते, ग्लुटाथायोन असतं, कॅटालेजसारखी एन्झाइम्स असतात, आणि फ्री रॅडिकल सगळेच शत्रू नसतात, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. त्यामुळे "जितकं जास्त तितकं चांगलं" हे गणित इथे लागू होत नाही.

२. एल्डरबेरी हे कुठलं फळ? आपल्याकडे मिळतं का?

ताजं नाही मिळत. युरोपातलं झुडूप आहे, उन्हाळ्याच्या शेवटी मिरीएवढ्या जांभळ्या-काळ्या फळांचे घोस लागतात. तिकडे सरबत, जॅम, वाइन करतात. आपल्याकडे येतं ते सिरप, गोळ्या, गमीज किंवा ऑनलाइन वाळलेली फळं या रूपात. रंग येतो अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे, आणि तीच रंगद्रव्यं जांभळात, काळ्या द्राक्षात, डाळिंबाच्या दाण्यात, करवंदात असतात (प्रकार थोडे वेगळे, घराणं एक).

शेताच्या बांधावर दिसणारी काळी फळं एल्डरबेरी समजून तोडू नका. टणटणीलाही बारीक काळी फळं येतात, आणि तिची हिरवी फळं पोरांच्या पोटात गेली तर विषबाधा होऊ शकते.

३. बाटलीवर "ओआरएसी १४,०००" असं काहीतरी लिहिलंय. हा आकडा मोठा म्हणजे चांगलं ना?

ओआरएसी म्हणजे फ्री रॅडिकल शोषायची क्षमता, आणि हा आकडा टेस्ट ट्यूबमधला आहे. फळाचा अर्क नळीत घालायचा, त्यात फ्री रॅडिकल सोडायचे आणि अर्क किती वेळ तग धरतो ते मोजायचं. नळीला पोट नसतं, आतडं नसतं, लिव्हर नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा मोठा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता, तो त्यांनी २०१२ मध्ये स्वतःहून काढून टाकला, कारण कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या आणि या आकड्यांवरून माणसाच्या तब्येतीबद्दल काहीच सांगता येत नाही असं त्यांचंच म्हणणं होतं. तरी बाटल्यांवर तो अजून छापतात. मी तर असा आकडा दिसला की बाटली परत ठेवते.

४. मग फळ खाल्ल्यावर आत नेमकं काय होतं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, थोडं लांब होईल.

अँथोसायनिन जसंच्या तसं रक्तात फारच थोडं पोचतं. ब्रिटनमध्ये आठ पुरुषांना खूण केलेल्या कार्बनचं अँथोसायनिन ५०० मिलिग्रॅम दिलं (खूण अशासाठी की नंतर लघवीत, श्वासात ते ओळखता यावं), २०१३ मध्ये ते छापून आलं. त्यातलं साधारण १२ टक्के लघवी आणि श्वासातून सापडलं, तेही बहुतेक मोडतोड झालेल्या रूपात. म्हणजे ज्या रेणूची जाहिरात चालते तो रेणू पेशीपर्यंत जाईपर्यंत दुसराच झालेला असतो. मोठ्या आतड्यातले जंतू त्याचे तुकडे करतात आणि आता अभ्यासकांचं लक्ष या तुकड्यांवर आहे. ते फ्री रॅडिकलशी थेट मारामारी करतात असं नाही, तेवढं त्यांचं प्रमाणच नसतं. ते पेशींना निरोप देतात, शरीराची स्वतःची यंत्रणा थोडी जागी करतात, रक्तवाहिनीच्या आतल्या थरावर परिणाम करतात, असं दिसतंय.

आणि एक गंमत बघा. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट ताकद वाढलेली मोजली गेली आणि सगळे खूश झाले. नंतर २००४ मध्ये अमेरिकेत नीट तपासलं तर ती वाढ सफरचंदातल्या पॉलिफेनॉलमुळे (वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट पदार्थ, अँथोसायनिन त्यांतलंच) नव्हतीच, फळातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक अ‍ॅसिड वाढलं होतं, आणि युरिक अ‍ॅसिड हेच रक्तातलं एक मोठं अँटिऑक्सिडंट आहे. आता युरिक अ‍ॅसिड वाढवायला कोणी फळ खातं का, गाऊटवाल्यांना (युरिक अ‍ॅसिडने सांधे दुखणाऱ्यांना) विचारा! म्हणून "रक्तातली अँटिऑक्सिडंट पातळी वाढते" एवढंच वाक्य वाचून हुरळून जायचं नाही, ती कशामुळे वाढली ते विचारायचं.

५. एल्डरबेरी सिरपने सर्दी-फ्लू बरा होतो का? शेजारच्या काकू शपथेवर सांगतात.

काकूंना बरं वाटलं असेल, साधी सर्दी आठवड्यात तशीही जाते.

अभ्यासांचं म्हणाल तर चित्र मिसळलेलं आहे. २००४ मध्ये नॉर्वेत फ्लूच्या ६० पेशंटवर प्रयोग झाला, सिरप घेणाऱ्यांना साधारण चार दिवस आधी आराम पडला, हाच प्रयोग प्रत्येक जाहिरातीत असतो. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाहून लांबचा विमानप्रवास करणाऱ्या ३१२ जणांवर प्रयोग झाला, तिथे सर्दी होणाऱ्यांची संख्या काही खात्रीने कमी झाली नाही, पण ज्यांना झाली त्यांची लवकर आटोपली. मग २०२० मध्ये अमेरिकेत फ्लूची खात्री झालेल्या ८७ पेशंटवर जास्त काटेकोर प्रयोग झाला आणि काहीच फायदा दिसला नाही. उलट फ्लूचं औषध न घेता नुसती एल्डरबेरी घेणाऱ्यांचा आजार एल्डरबेरी नसलेलं साधं सिरप घेणाऱ्यांपेक्षा दोनेक दिवस लांबलेला दिसला, पण तो गट छोटा होता, त्यावरून एल्डरबेरी वाईट असं म्हणणंही घाईचं होईल. माझं मत विचाराल तर प्रौढ माणसाने घेतली तर घेऊ दे, पण त्या भरवशावर फ्लूची लस टाळणं किंवा तीन दिवस ताप अंगावर काढणं हे चूक.

६. हार्टसाठी, कोलेस्टेरॉलसाठी एल्डरबेरी?

पन्नास-एक बायकांवर (पाळी गेलेल्या) १२ आठवडे प्रयोग झालाय, रोज ५०० मिलिग्रॅम एल्डरबेरीचं अँथोसायनिन, म्हणजे भरपूर. कोलेस्टेरॉल, सूज दाखवणारे मार्कर, काही हललं नाही. लिव्हर-किडनीला त्रासही झाला नाही, ही चांगली बाजू. विषय संपला.

७. मग आपलं सोलापूरचं डाळिंब एल्डरबेरीच्या तोडीचं आहे का?

तोडीचं म्हणजे काय मोजायचं त्यावर आहे (प्रश्न ३). पण पैसे खर्चायचेच असतील तर माझं मत डाळिंबाला. सोलापूर डाळिंबाला २०१६ पासून जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच केगावला आहे आणि त्यांनी काढलेल्या "सोलापूर लाल" वाणात लोह, जस्त आणि व्हिटॅमिन सी नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. गणेश वाणाचा दाणा फिका गुलाबी असतो, भगवा वाणाचा गडद, आणि जितका गडद दाणा तितकं साधारणपणे अँथोसायनिन जास्त.

डाळिंबाची खरी खासियत वेगळी आहे. त्यात एलॅजिटॅनिन नावाचे पदार्थ असतात, ते आतड्यातल्या जंतूंकडून युरोलिथिन नावाच्या छोट्या रेणूंमध्ये बदलतात. पण हे जंतू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात, काहींमध्ये भरपूर युरोलिथिन तयार होतं, काहींमध्ये जवळजवळ होतच नाही. एकाच घरात एकच डाळिंब वाटून खाल्लं तरी दोघांना वेगळा परिणाम, असं होऊ शकतं. रक्तदाब थोडासा कमी होतो असं बऱ्याच छोट्या प्रयोगांत दिसलंय, "थोडासा" हा शब्द लक्षात ठेवा, बीपीची गोळी बंद करण्याइतका नाही.

८. दाणे खावेत की ज्यूस प्यावा? मला शुगर आहे.

शुगर असेल तर दाणे. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण १४ ग्रॅम साखर असते पण सोबत ४ ग्रॅम फायबर असतं. २५० मिलिलीटर ज्यूसमध्ये साखर ३० ग्रॅमच्या आसपास जाते आणि फायबर जवळपास शून्य, म्हणजे दोन डाळिंबांची साखर दोन मिनिटांत पोटात. वाटीभर दाणे जेवणानंतर लगेच नको, संध्याकाळी चारला चार शेंगदाण्यांसोबत खा.

एक मजेशीर गोष्ट आहे, कारखान्यातल्या ज्यूसमध्ये पॉलिफेनॉल घरच्या ज्यूसपेक्षा जास्त निघू शकतात, कारण तिथे अख्खं फळ दाबतात आणि सालीतलं प्युनिकॅलॅजिन नावाचं पॉलिफेनॉल रसात उतरतं. म्हणून तो ज्यूस जरा तुरट लागतो. पण साखर तेवढीच राहते हे विसरू नका, आणि डब्यावर "नेक्टर" किंवा "ड्रिंक" लिहिलं असेल तर वरून घातलेली साखर बघा.

९. तेल्या पडलेलं डाळिंब स्वस्तात मिळतं, खाल्लं तर चालतं का?

हा प्रश्न सोलापूर-सांगोल्याकडचेच लोक विचारतात! तेल्या हा झाडाचा जिवाणूजन्य रोग आहे, माणसाला होत नाही. सालीवर नुसते काळे तेलकट डाग असतील आणि साल तडकलेली नसेल तर आतले दाणे चांगले असू शकतात. कापून बघा. डाग जिथे फुटलाय तिथून बुरशी आत शिरते, तिथले दाणे तपकिरी, मऊ, आंबूस वासाचे झालेले असतात आणि पांढऱ्या पडद्यावर काळपट पट्टा दिसतो. असं दिसलं तर "एवढाच भाग काढून टाकते" करू नका, अख्खं फळ टाका. बाहेरून सुंदर आणि आतून सगळे दाणे तपकिरी असंही कधी निघतं, तेही खायचं नाही.

१०. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी यात काही अँटिऑक्सिडंट असतं की हे सगळं फळांतच?

असतं की. ज्वारीच्या कोंड्यात फेरुलिक अ‍ॅसिडसारखे फिनॉल असतात, म्हणून पीठ बारीक चाळून कोंडा टाकला की तेही गेलं. पण खरं सांगायचं तर मंगळवेढ्याची पांढरी मालदांडी यात लाल ज्वारीच्या मागे आहे, गडद ज्वारीत टॅनिन आणि रंगद्रव्यं जास्त, पण तिची भाकरी तुरट लागते आणि आपल्याकडे कोणी खाणार नाही. मालदांडी खा फायबरसाठी, पोट भरतं त्यासाठी.

शेंगदाण्याची लाल फोलपटं पॉलिफेनॉलने भरलेली असतात आणि आपण ती सुपात पाखडून उडवतो. थोडी राहू द्या चटणीत, चव बिघडत नाही. लसूण, लाल तिखट यांचंही योगदान असतं, मसाल्यांचे नळीतले आकडे तर फळांपेक्षा कितीतरी मोठे येतात, पण आपण मसाला खातो चमचाभर. चटणी खवट झाली असेल तर टाका, बुरशीचा डाग असलेला शेंगदाणा तर नकोच.

११. शिजवलं की सगळं मरतं का?

सगळं नाही. व्हिटॅमिन सी मरतं बरंच, म्हणून आवळा, पेरू, लिंबू कच्चे. (आवळ्यात १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर सी असतं, पेरूही त्याच्याच आसपास, संत्र्याच्या कितीतरी पुढे.) टोमॅटोचं उलटं आहे, तेलात शिजवला की त्यातलं लाल रंगद्रव्य, लायकोपिन, जास्त मिळतं. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर यातलं कॅरोटीनही तेलाच्या फोडणीशिवाय नीट शोषलं जात नाही. खायचा सोडा घालून भाजी हिरवीगार ठेवायची सवय मात्र सोडा, त्याने व्हिटॅमिनं जातात.

१२. फळं परवडत नाहीत, त्यापेक्षा अँटिऑक्सिडंटची गोळी रोज घेतली तर?

इथे मी जरा कडक बोलते. गोळ्यांवरचे मोठे प्रयोग होऊन गेलेत आणि निकाल बरे नाहीत. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन (गाजरातलं केशरी रंगद्रव्य) किंवा व्हिटॅमिन ई दिलं, अपेक्षा होती फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीनवाल्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, तिथे २८ टक्के जास्त. नंतर ३५,००० हून जास्त पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम तपासलं, २०११ मध्ये कळलं की नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के वाढला. गाजर खाऊन कोणाला असं झालेलं नाही. एक रेणू बाजूला काढून मोठ्या डोसमध्ये देणं आणि तोच रेणू फायबर, पाणी, बाकी शंभर पदार्थांसोबत ताटात येणं यात फरक पडतो. तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांनी तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांपासून लांबच राहायचं.

डॉक्टरांनी कमतरता बघून गोळी लिहून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती चालू ठेवा. आणि परवडण्याचं म्हणाल तर मंगळवार बाजारात सीझनला बोरं, पेरू, आवळे बघा, गोळ्यांच्या डबीच्या किमतीत महिनाभराचं होतं.

जिममध्ये जाणारी पोरं व्हिटॅमिन सी-ईच्या गोळ्यांबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी: २००९ च्या एका जर्मन प्रयोगात रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना व्यायामामुळे इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदा मिळालाच नाही. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकलच शरीराला सुधारायला सांगत असतात, ते तुम्ही आधीच गप्प केले तर घाम फुकट. हळद आणि ग्रीन टीच्या कॅप्सूलचं प्रश्न १५ मध्ये.

१३. माझी औषधं चालू आहेत. काय काय सांभाळायचं?

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर डाळिंबाचा ज्यूस रोज ग्लासभर अचानक सुरू करू नका, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) हलल्याच्या थोड्या केसेस नोंदल्या गेल्यात. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन केमुळेही तो हलतो, म्हणून बंद करण्यापेक्षा रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, पपनसासारखं फळ) काही कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवतं, हे पक्कं माहीत आहे.

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांनी, संधिवातासाठी किंवा ल्युपससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी एल्डरबेरी टाळावी, ती प्रतिकारशक्तीला चाळवते अशी शंका आहे आणि तिथे तेच नको असतं. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो, १०० ग्रॅम डाळिंबात साधारण २३० मिलिग्रॅम असतं, डायलिसिसवाल्यांनी आपल्या डाएटिशियनला विचारूनच खावं.

१४. केमो चालू असताना "ताकदीसाठी" हे सगळं द्यावं का?

नेहमीचं जेवण, फळं, भाज्या द्या (स्वच्छ धुतलेल्या, पांढऱ्या पेशी कमी असतील तर डॉक्टर सांगतील तशा). अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, सिरप, अर्क ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नाहीत. काही केमो आणि रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारायला फ्री रॅडिकलच वापरतात. नातेवाईक प्रेमाने डबे घेऊन येतात, त्यांना नाही म्हणणं जड जातं हे मला कळतं, पण डबा डॉक्टरांना दाखवा आणि मग ठरवा.

१५. हळद, ग्रीन टी तर नैसर्गिकच आहेत, त्यांच्या कॅप्सूलने काय होणार?

भाजीतली हळद आणि कपातला ग्रीन टी ठीक. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फारसं शोषलं जात नाही, १९९८ मध्ये बेंगळुरूच्या अभ्यासात काळ्या मिरीतल्या पायपरीनबरोबर दिल्यावर शोषण २० पट वाढलं, म्हणून आता कॅप्सूलमध्ये दोन्ही एकत्र घालतात. शोषण वाढलं की त्रासही वाढू शकतो, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस इटली, अमेरिकेत नोंदल्यात. ग्रीन टीच्या अर्काचंही तसंच, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये रोज ८०० मिलिग्रॅम आणि त्यावर ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) घेणं लिव्हरसाठी काळजीचं ठरवलं. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक गेली असं झालं तर कॅप्सूल बंद करून लगेच दवाखाना.

साध्या चहाबद्दल एकच, ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर चहा नको, तासभराचं अंतर ठेवा, चहातले पॉलिफेनॉल लोह अडवतात. लिंबू पिळलं की उलटं, लोह जास्त मिळतं.

१६. ऑनलाइन वाळलेली एल्डरबेरी मागवली, तशीच चावून खाऊ का?

नाही. कच्च्या फळांत, पानांत, देठांत, सालीत सायनाइड सोडणारे पदार्थ असतात. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात एका गटाने फळं, पानं, फांद्यांसकट कुटून रस काढून प्याला, ११ जणांना उलट्या-चक्कर येऊन काहींना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. वाळवलं म्हणजे शिजलं असं नाही, नीट उकळूनच वापरा, आणि पाकिटात देठं-पानं दिसली तर वापरूच नका.

१७. गरोदरपणात आणि लहान मुलांना एल्डरबेरी चालते?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांमध्ये सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेसा अभ्यास नाही, त्यामुळे नको. मुलांच्या गमीजमध्ये साखर बघा, पोरं चॉकलेट समजून मूठभर खातात, डबी वरच्या फळीवर. सिरपमध्ये मध असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

१८. मग रोज नेमकं किती खायचं?

एनआयएनच्या (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरीच्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. सोलापूरच्या घरात भाजी म्हणजे बेसन, पिठलं, डाळ, आमटी, आणि हिरवी भाजी वाटीच्या तळाशी, असं मला फार दिसतं. सुरुवात तिथून करा, दोन्ही वेळा एक मोठी वाटी पालेभाजी किंवा फळभाजी, सोबत कांदा-टोमॅटो-काकडी, आणि एक सीझनचं फळ. रंग बदलत ठेवा, आज जांभळं तर उद्या पपई, हुरड्याच्या दिवसात हुरडा.

१९. सालीची पावडर करून ठेवलीय, डाळिंबाची. यूट्यूबवर सगळे सांगतात चमचाभर रोज घ्या.

सालीत पॉलिफेनॉल दाण्यांपेक्षा जास्त असतात हे खरं. पण सालीवरच फवारणी बसते, आणि तेल्या-बुरशीसाठी डाळिंबाच्या बागेत किती फवारण्या होतात हे इथल्या शेतकऱ्याला विचारा. धुऊन वरचं थोडं जातं, सगळं नाही. शिवाय टॅनिन इतकं की बद्धकोष्ठता होते आणि लोह अडतं (प्रश्न १५). माणसांवर रोज चमचाभर वर्षानुवर्षं घेऊन काय होतं याचा अभ्यास मी दाखवू शकत नाही. घरच्या झाडाचं बिनफवारणीचं फळ असेल आणि जुलाबात आजी एखाद वेळी साल उगाळून देत असतील तर ते चालतं, पण लहान बाळाला किंवा रक्त पडत असेल तेव्हा ते न करता डॉक्टरकडे जायचं. रोजच्या चमच्यासाठी ती पावडर कुंडीतल्या मातीत घाला.